मोतीबिंदू पिकायची वाट कशाला बघायची?

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात पारावर बसलेल्या एखाद्या मामांना विचारा, "मामा, डोळ्याचं काय झालं?" उत्तर बहुधा ठरलेलं असतं. "मोतीबिंदू हाय म्हणले. पण अजून पिकला न्हाई." मग पेरणी उरकते, कापसाची वेचणी होते, लेक-सून उसाला जाऊन परत येतात आणि मामांचा मोतीबिंदू पिकतच राहतो. हे वाक्य मामांनी मनानं रचलेलं नाही. पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरच तसं सांगायचे आणि त्या काळी ते बरोबरही होतं. आज ते चूक आहे आणि त्यापायी माणसं वर्षानुवर्षं विनाकारण अंधारात चाचपडतात.

डोळ्याची बाहुली काळी दिसते, पण ते खरं तर एक भोक आहे. त्याच्या लगेच मागे एक भिंग असतं, रुंदीला एक सेंटिमीटरच्या आसपास आणि जाडीला चार-पाच मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत; असत्या तर आरपार दिसलंच नसतं. आत पाणी आणि प्रथिनं, आणि ती इतकी नेटकी रचलेली की उजेड सरळ आत जाऊन मागच्या पडद्यावर पडतो. कातडी झडते, नवी येते. केस गळतात, नवे उगवतात. भिंगाचं तसं नाही. त्याच्या गाभ्यातले तंतू आपण आईच्या पोटात असताना तयार झालेले असतात आणि शेवटपर्यंत तेच राहतात. नवे थर बाहेरून चढतात, जुने आत दाबले जातात. साठ-सत्तर वर्षांत ही प्रथिनं बिघडतात, एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात. अंड्यातला पांढरा भाग तव्यावर पडला की आरपार होता तो दुधी होतो, तसंच काहीसं. फक्त इथे त्याला कित्येक वर्षं लागतात. आणि शिजलेलं अंडं पुन्हा कच्चं करता येत नाही.

म्हणून मोतीबिंदू विरघळवणारा थेंब अजून तरी जगात निघालेला नाही. जत्रेतली बाटली, कांद्याचा रस, मध, गुलाबपाणी यांपैकी काहीही भिंगापर्यंत पोचून ते स्वच्छ करत नाही. उलट डोळ्याच्या पुढच्या काचेला (कॉर्नियाला) जखम किंवा जंतुसंसर्ग व्हायची भीती. बऱ्याच जणांना वाटतं की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर चढलेलं जाळं, खरवडलं की निघालं. जाळं वर नाहीच. आतलं भिंगच गढूळ झालेलं असतं, म्हणून ते काढून दुसरं बसवावं लागतं.

वय हे मुख्य कारण, आणि त्यावर कुणाचा इलाज नाही. पण काही गोष्टी हा दिवस अलीकडे ओढून आणतात. साखरेचा आजार त्यातला मोठा. बिडी-सिगारेट दुसरी. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायकांमध्येही मोतीबिंदूचं प्रमाण जास्त आढळलं आहे. उन्हात राबणाऱ्यांनाही धोका असतो. डोळ्याला मार लागला, बैलाचं शिंग बसलं, बाभळीचा काटा गेला, तर पंचविशीतल्या पोरालाही मोतीबिंदू होतो. तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढरा ठिपका दिसला तर मात्र एक आठवडाही थांबू नये. त्या वयात मेंदू बघायला शिकत असतो, आणि उशीर झाला तर नंतर ऑपरेशन कितीही उत्तम झालं तरी त्या डोळ्याला नीट दिसत नाही.

एका कारणाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण ते आपल्या हातातलं आहे. स्टेरॉइड. गुडघे दुखतात म्हणून गावातल्या कुणाकडून तरी आणलेल्या बिननावाच्या पुडीत, दम्याच्या गोळीत, आणि मेडिकलवर "डोळा खाजतोय, काहीतरी द्या" म्हटल्यावर मिळणाऱ्या थेंबात ते असू शकतं. थेंब टाकला की लाली लगेच जाते, म्हणून तीच बाटली घरात फिरते. महिनोन्‌महिने टाकत राहिलं की मोतीबिंदू होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदूही होऊ शकतो. डॉक्टरांनी लिहून दिलेलं स्टेरॉइड ठरावीक दिवस घ्यायला हरकत नाही. चिठ्ठीशिवाय घेतलेल्याची मात्र कुणी गणती ठेवत नाही.

मोतीबिंदू दुखत नाही, लाल होत नाही. तो हळूहळू वाट अडवतो. समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरचा दिवा फुटल्यासारखा पसरतो. तांदळातले खडे हाताला लागतात पण डोळ्याला दिसत नाहीत. स्टँडवर बस आली की "कुठली हाय ही?" असं शेजारच्याला विचारावं लागतं. शंभराची नोट की पाचशेची, हे ठरवायला ती उन्हाकडे धरावी लागते, आणि आठवडी बाजारात याचा फायदा घेणारेही भेटतात. काहींचा मोतीबिंदू भिंगाच्या अगदी मागच्या बाजूला असतो. त्यांचं गणित उलटं: भर दुपारी बाहुली लहान होते तेव्हा दिसत नाही, दिवेलागणीला ती मोठी झाली की बरं दिसतं. घरचे म्हणतात, म्हातारं सोंग करतंय. ते सोंग नसतं.

आणखी एक फसवी खूण आहे. वाचायला दहा-पंधरा वर्षं चष्मा लागणारी आजी अचानक म्हणते, "माझा चष्मा सुटला!" सगळे खूश. प्रत्यक्षात भिंगाचा गाभा घट्ट होऊन त्याची ताकद वाढलेली असते, म्हणून जवळचं तेवढं स्पष्ट होतं आणि लांबचं मात्र पुसट. काही महिन्यांत जवळचंही जातं. चष्म्याचा नंबर सारखा बदलत असेल तर दुकानात नवी काच घालण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं ते यासाठीच.

आता पिकण्याकडे येतो. सुश्रुताच्या काळापासून मोतीबिंदूवर एक उपाय होता: टोकदार हत्यारानं ते गढूळ भिंग बाहुलीसमोरून खाली ढकलून द्यायचं. ते डोळ्यातच पडून राहायचं. उजेड आत जायचा, थोडंफार दिसायचं, आणि बऱ्याच जणांचा डोळा पुढे कायमचा जायचा. १७४७ साली जाक दाव्हिएल या फ्रेंच वैद्यानं भिंग ढकलण्याऐवजी चीर देऊन बाहेर काढलं. तिथून पुढे दोनशे वर्षं हीच दिशा राहिली. पण हत्यारं जाडीभरडी, टाके अवघड आणि काढलेल्या भिंगाच्या जागी घालायला काही नाही. माणूस आयुष्यभर दहा नंबरचा जाड चष्मा लावून वावरायचा. चष्मा फुटला की पुन्हा आंधळा. इतकी किंमत मोजायची तर आधी डोळ्याला जवळपास काहीच दिसेनासं झालं पाहिजे, हा हिशेब सरळ होता. शिवाय भिंग पूर्ण पिकलं की ते आजूबाजूपासून सुटायला सोपं जायचं. म्हणून डॉक्टर म्हणायचे, पिकू द्या.

चित्र बदललं ते एका लढाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज वैमानिकांच्या विमानाचं प्लास्टिकचं छत फुटून त्याच्या कपच्या डोळ्यात घुसायच्या. हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आलं की काचेच्या कपचीसारखा या प्लास्टिकला डोळा भडकून उठत नाही. डोळा ती सहन करतो. मग त्याच पदार्थाचं भिंग का करू नये? नोव्हेंबर १९४९ मध्ये त्यांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्यांच्याच व्यवसायातल्या मोठ्या लोकांनी बरीच वर्षं त्यांना वेड्यात काढलं. पुढे १९६७ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन यांनी दातांच्या डॉक्टरकडचं किटण काढणारं कंप पावणारं यंत्र पाहिलं आणि तसल्याच सुईनं भिंगाचा आतच भुगा करून तो ओढून घेण्याची पद्धत काढली. तिलाच आपण आज फेको म्हणतो. १९९२ मध्ये मदुराईत अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी भिंगं भारतातच बनवायला घेतली आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

थोडक्यात, ज्या अडचणींमुळे थांबावं लागत होतं त्या सगळ्या गेल्या. उलट आता थांबण्यात तोटा आहे. भिंग जितकं जुनं तितकं कडक. ते फोडायला जास्त जोर, जास्त वेळ, आणि तो जोर डोळ्याच्या पुढच्या काचेवरच्या नाजूक पेशींना सोसावा लागतो. फारच पिकलं तर ते फुगतं किंवा त्यातून पातळ द्रव पाझरतो, डोळ्यातला दाब एकदम चढतो, असह्य ठणका लागतो, उलट्या होतात. अशा अवस्थेत आलेल्या म्हाताऱ्या माणसाला घरच्यांनी पोटाच्या डॉक्टरकडे नेलेलं मी पाहिलंय, कारण उलटी दिसत होती, डोळ्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्या दाबानं डोळ्याची नस मेली तर मग ऑपरेशन करूनही नजर येत नाही.

मग कधी करायचं? ठरावीक नंबर नाही. ज्या कामावाचून तुमचा दिवस अडतो ते काम डोळ्यामुळे होत नसेल तर वेळ झाली. शिंप्याची वेळ लवकर येते, रात्री मोटारसायकल चालवणाऱ्याची आणखी लवकर. नुसता मोतीबिंदू "दिसला", पण त्याचा काही त्रास नाही, तर घाई कुणी करत असेल तर त्यालाही दोन प्रश्न विचारावेत.

आधीच्या तपासण्या कंटाळवाण्या वाटतात, पण निकाल अर्धा तिथेच ठरतो. डॉक्टर आधी बघतात की अंधुकपणा मोतीबिंदूचाच आहे ना. काचबिंदू वेगळा, त्यात नस वाळते आणि गेलेली नजर परत येत नाही. साखरेनं मागचा पडदा खराब झाला असेल तर स्वच्छ भिंग घालूनही चित्र फाटलेलंच दिसणार. हे आधी सांगून घेतलेलं बरं, नाहीतर "आपरेशन फेल गेलं" अशी हाकाटी होते. मग डोळ्याची लांबी मोजतात, कारण भिंगाचा नंबर त्यावरून काढायचा असतो. इथे एक मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा अडीच-तीन नंबरचा फरक पडतो, म्हणून मशीनसमोर हनुवटी टेकवली की हलायचं नाही. डोळ्यातून नाकात जाणारी नळी पाण्यानं तपासतात. ती तुंबून तिच्यात पू असेल तर आधी त्याचा इलाज. बीपी, साखर बघतात. आणि लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना जरूर सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही. त्यातल्या काही गोळ्यांनी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग ढिला पडतो आणि ऑपरेशनमध्ये मध्येमध्ये येतो. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीनं बसतो. रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करू नये, चालूही ठेवू नये, विचारावं.

ऑपरेशनच्या दिवशी तासभर आधीपासून थेंब टाकून बाहुली मोठी करतात. मग डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन किंवा नुसत्या थेंबांनी डोळा बधिर करतात. पूर्ण भूल सहसा देत नाहीत; माणूस जागा असतो, डॉक्टरांचं बोलणं ऐकत असतो. डोळ्यात तपकिरी औषध टाकतात, ते आयोडीनचं. दिसायला किरकोळ, पण जंतुसंसर्ग टाळण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. तोंडावर हिरवं कापड, त्यात एक भोक, वर दिव्याचा झोत. मग डोळ्याच्या पुढच्या काचेच्या कडेला दोन-अडीच मिलिमीटरची चीर. भिंग एका पातळ पिशवीत असतं. तिच्या पुढच्या बाजूला सर्जन चिमट्यानं पाच मिलिमीटरचं गोल तोंड फाडतो. मोतीबिंदू पांढराफट्ट असेल तर पिशवी दिसावी म्हणून तिला निळा रंग देतात. हे गोल तोंड नीट जमणं हा सगळ्या ऑपरेशनचा कणा. मग सुई आत जाते, भिंगाचे तुकडे होतात, ओढले जातात. रिकाम्या पिशवीत घडी घातलेलं नवं भिंग सोडतात आणि ते आत हळूहळू उलगडतं. टाका नाही. सगळं पंधरा-वीस मिनिटांत. याला लोक "लेझरचं आपरेशन" म्हणतात, पण त्यात लेझर नसतो, ध्वनिलहरी असतात. लेझर वापरून काही टप्पे करणारी यंत्रं आहेत, मोजक्या ठिकाणी आणि महाग. भिंग बाहेर काढावं लागतंच.

दुसरी पद्धत म्हणजे सहा-सात मिलिमीटरच्या तिरक्या बोगद्यातून भिंगाचा गाभा अखंड बाहेर काढायचा. तिलाही टाका लागत नाही. शिबिरात जास्त करून हीच होते, म्हणून तिला कमी लेखलं जातं. माझ्या मते हे चूक आहे. भारतात आणि नेपाळमध्ये दोन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या गेल्या, तेव्हा चष्म्यानिशी नजर जवळपास सारखीच निघाली. चष्म्याशिवाय फेको थोडी सरस. मोतीबिंदू दगडासारखा कडक असेल तर कित्येक अनुभवी सर्जन स्वतःहून बोगद्याची पद्धत निवडतात.

खरा गोंधळ भिंगाच्या निवडीत होतो. काउंटरवर पाच भाव, परदेशी नावं, आणि "आईच्या डोळ्यासाठी एवढं तर करा" हे वाक्य. साधं एका अंतराचं भिंग लांबचं स्वच्छ दाखवतं. पोथी वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. चष्म्याचा तिरपा (सिलिंडर) नंबर जास्त असेल तर त्यासाठीचं वेगळं भिंग असतं आणि तिथे ते पैसे सार्थकी लागतात. जवळ-लांब दोन्ही दाखवणारं भिंगही मिळतं, पण ते उजेड वाटून घेतं, त्यामुळे रात्री दिव्याभोवती कडी दिसतात आणि अंधुक उजेडात जरा फिकं वाटतं. काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास असलेल्याला ते सहसा घालू नये. शेतात जाणाऱ्या, फारसं न वाचणाऱ्या माणसासाठी कर्ज काढून महाग भिंग घ्यायची गरज मला दिसत नाही. भिंग कुठलंही घाला, त्याच्या डब्यावरचं नंबराचं स्टिकर फाइलमध्ये लावून घ्या.

नंतरचे चार-सहा आठवडे थेंबांचे. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडावीत, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नये. पहिले काही दिवस डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. मान मागे टाकून दुसऱ्याकडून डोकं धुऊन घेतलं तर चालतं. डोळा चोळायचा नाही, घागर-पोतं उचलायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही. तुरीची किंवा ज्वारीची रास चालू असेल तर महिनाभर तिकडे फिरकूच नये. कुसळ डोळ्यात गेलं की सगळं मुसळ केरात. "आपरेशन थंडीतच करावं" ही समजूत मात्र सोडून द्या. परभणी-नांदेडला मे महिन्यात बाहेर कितीही तापलं तरी डोळ्याच्या आत शरीराचंच तापमान असतं. मुलगा-सून दिवाळीनंतर कारखान्याला जाणार असतील आणि घरी आजीच नातवंडं सांभाळणार असेल, तर ते जाण्याआधीच किंवा परतल्यावर उन्हाळ्यात करून घेणं जास्त शहाणपणाचं, कारण थेंब टाकायला घरात माणूस हवं.

थोडी खुपखुप, पाणी, उजेड सहन न होणं हे चालायचंच. पण पहिल्या काही दिवसांत दुखणं वाढत गेलं, आलेली नजर पुन्हा अंधुक झाली, डोळा लालभडक झाला किंवा चिपडं-पू यायला लागला, तर उद्याची बस बघू नका. आत जंतू शिरले असतील तर काही तासांचा फरकही डोळा वाचवतो किंवा घालवतो. हे क्वचित होतं, पण होतं.

सोय आपल्याकडे आहे. केंद्र सरकारचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. गावात तपासणी शिबिर आणि ऑपरेशन रुग्णालयात, अशी आता रीत आहे. शाळेच्या खोलीत ऑपरेशनं व्हायचा जमाना गेला, ते बरंच झालं. जिल्हा रुग्णालयात, संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालयाच्या रुग्णालयात ते मोफत होतं. उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय आणि जालन्याचं गणपती नेत्रालय ही नावंही या भागात घरोघरी माहीत आहेत. सरकारी दवाखान्यात चांगलं होत नाही म्हणणाऱ्यांना आठवण करून द्यावी की लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने सरकारी जे. जे. रुग्णालयातच मोतीबिंदूची ऑपरेशनं करत होते, आणि २००८ ची पद्मश्री त्यांना त्याच कामासाठी मिळाली.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुकं आल्यासारखं वाटलं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नये. तो परत येत नाही. भिंग ज्या पिशवीत बसवलं तिची मागची बाजू काहींच्या बाबतीत धुरकट होते. इथे मात्र खरंच लेझर वापरतात: पाच मिनिटं मशीनसमोर बसायचं, चीर नाही, पट्टी नाही. आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू असेल तर पहिला स्थिर झाला की काही आठवड्यांनी तोही उरकून घ्यावा. एका डोळ्यानं लख्ख आणि दुसऱ्यानं धुरकट दिसत असताना पायरीचा अंदाज चुकतो, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की ते प्रकरण मोतीबिंदूपेक्षा कितीतरी महागात पडतं.